दम धरा

आमच्या वऱ्हाडात 'दम' हा शब्द जितका राबतो, तितका दुसरा एखादा शब्द राबत असेल असे मला वाटत नाही. नरनाळ्याचा किल्ला चढताना दम लागतो. वाटेत सावली दिसली की माणूस दम खातो. सावकार कुळाला दम देतो. आखाड्यातला पोरगा दम कमावतो. आणि म्हाताऱ्याचा दमा हिवाळ्यात उसळतो. शब्द मूळचा फारसी, आणि फारसीत त्याचा पहिला अर्थ श्वास. इमादशाहीपासून निजामाच्या अमलापर्यंत या मुलखाचे दप्तर फारसीत चालले, तेव्हा हा पाहुणा घरचा होऊन बसला यात नवल नाही. पण आपल्या लोकांनी त्याला एक निराळेच काम लावून दिले. उतावळ्या माणसाला आपण म्हणतो, "अरे, जरा दम धर!" श्वास धरणे आणि धीर धरणे यांची अशी गाठ आपल्या भाषेने बांधून ठेवली आहे.

या दमाचीच एक हकीकत मी आज वाचकांना सांगणार आहे. ती पहिलवानाची नाही, योग्याचीही नाही. निदान सर्वस्वी योग्याची तरी नाही. ती आहे एका यंत्राची, आणि त्या यंत्राने माणसाच्या श्वासाशी पन्नास वर्षे चालवलेल्या झगड्याची.

मी अकोटचा. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. डॉक्टरकीशी माझा संबंध रोग्याइतकाच. परंतु छोट्या गावात मास्तरला सर्व काही समजते असा एक प्रेमळ गैरसमज असतो. त्यामुळे निवृत्तीनंतर माझ्या ओसरीवर पत्रिकांऐवजी तपासण्यांचे कागद येऊ लागले. त्यांत एम. आर. आय. या नावाने प्रसिद्ध असलेल्या चुंबकीय तपासणीचेही कागद असत. पोटाच्या तपासणीच्या कागदांवर एक वाक्य मला पुनःपुन्हा भेटे: श्वासाच्या हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट. एवढे प्रचंड यंत्र, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट जोराचे चुंबक, आणि ते अडते कुठे, तर माणसाच्या साध्या श्वासापाशी! या वाक्याचा माग काढीत गेलो आणि त्यातून हा इतिहास हाती लागला.

प्रथम पोटात काय हलते ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटासारखा पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा हा घुमट खाली दबतो, सोडतो तेव्हा वर चढतो. शांत बसलेल्या माणसाचे श्वासपटल दर श्वासाला सुमारे एक-दोन सेंटिमीटर खालीवर होते. दीर्घ श्वास घेतला तर याच्या कितीतरी पट. यकृत या पडद्याला खालून चिकटलेले, तेव्हा तेही खालीवर झुलते. प्लीहा, मूत्रपिंडे, स्वादुपिंड ही मंडळीही थोड्याफार फरकाने त्याच झोपाळ्यावर बसलेली असतात. मिनिटाला बारा ते वीस झोके, आणि हा झोपाळा जन्मभर थांबत नाही.

या झोपाळ्याचे चित्र काढावे असे आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाच्या मनात आले होते. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद हे ते गृहस्थ. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलेले, खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम केलेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. त्यातील पहिल्याच लेखांत क्ष-किरणांनी केलेले प्रयोग आहेत. श्वास पूर्ण बाहेर टाकून उड्डियान केले असता श्वासपटल किती वर जाते, नौली फिरवताना आतड्यात काय घडते, हे त्यांनी प्रयोगाने पाहिले आणि नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे दाखवले. आपल्या गुरूच्या नावावरून त्या निर्वाताला त्यांनी 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. योग हा श्रद्धेचा विषय खरा, पण तो मोजमापाच्या तराजूतही घालून पाहावा, हा त्यांचा आग्रह.

क्ष-किरणांचे एक बरे असते: त्यांचे चित्र क्षणार्धात निघते. योगी मिनिटभर कुंभक करू शकत असला काय किंवा रोगी चार सेकंदांत धापा टाकीत असला काय, छायाचित्राला पुरेल एवढी स्थिरता दोघांनाही जमते. चुंबकीय चित्राची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि आपली खरी कथा तेथेच सुरू होते.

१९४६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक विलक्षण गोष्ट पकडली. बलवान चुंबकात ठेवलेल्या पदार्थातील अणुकेंद्रांना योग्य त्या रेडिओलहरीने टिचकी मारली तर ती उलट सूर काढतात. हायड्रोजनचे केंद्र या कामी सर्वांत बोलके. १९५२ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. आपणां मराठी वाचकांना विशेष वाटावे असे या कथेत एक नाव आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्काचा सूर तपासला, तेव्हा त्यात एकाऐवजी तीन वेगळे सूर निघाले. एकाच रेणूतला हायड्रोजन शेजार बदलला की सूर बदलतो, हे त्यातून उघड झाले. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येची शाखा उभी केली. रुग्णालयात चुंबकाचा बोगदा दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, त्या बोगद्यामागचे शास्त्र मुंबईत नांदत होते.

सुरावरून चित्र काढता येईल ही कल्पना मात्र पॉल लॉटरबर यांची. १९७३ साली त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र छापले. नंतर त्यांनी आपल्या मुलीला समुद्रकाठी सापडलेल्या एका चिमुकल्या शिंपल्यातील जीवाचे चित्र काढले. १९७४ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन मॅलार्ड, जेम्स हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराचे चित्र घेतले, तो नुकताच मारलेला उंदीर होता. वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. पाण्याच्या नळ्या, शिंपला, मेलेला उंदीर: यांपैकी एकालाही आपल्यासारखे झुलणारे पोट नव्हते. विद्या बाळसे धरीत होती ती अशा दम न घेणाऱ्यांच्या संगतीत.

जिवंत माणसाची पाळी आली तेव्हा पंचाईत झाली. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमाडियन यांच्या यंत्रात एक सहकारी जवळजवळ पाच तास बसून राहिला, तेव्हा कोठे छातीचे एक ओबडधोबड चित्र मिळाले. १९७८ साली नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड स्वतःच आपल्या नव्या यंत्रात शिरले. त्या चुंबकात हृदयाला धोका पोचेल असा इशारा मिळाला असूनही ते गेले. चित्र घेतले ते त्यांच्या पोटाचे. अॅबर्डीनकरांची चित्रे तर रोग्याच्या हालचालीने पार विसकटून जात. १९८० साली एडेलस्टीन, हचिसन आणि मंडळींनी 'स्पिन-वॉर्प' नावाची नवी पद्धत काढली, हालचालीचा मार तिने पुष्कळ सौम्य केला, आणि त्याच वर्षी २८ ऑगस्टला एका रोग्याच्या शरीराचे उपचाराला उपयोगी पडेल असे चित्र त्यांना मिळाले. आजही बहुतेक यंत्रे या पद्धतीच्याच वंशातली आहेत. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मार सौम्य झाला. नाहीसा झाला नाही. का, ते समजण्यासाठी आपल्या हातातील दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ पाहावे. रंगीत चित्र छापखान्यात एकदम छापले जात नाही. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग एकावर एक छापतात. प्रत्येक रंगाच्या छाप्यात सबंध चित्राचा अंश असतो. चारही बरोबर एकावर एक बसले म्हणजे लक्ष्मी प्रसन्न दिसते. मध्येच कागद सरकला तर? लक्ष्मीला दोन नाके येतात आणि कमळाला पाकळ्यांची सावली पडते. चुंबकीय चित्राचेही तसेच, फक्त तेथे छापे चार नसून दोनशेच्या वर असतात. समजा २५६ छापे आणि दर छाप्याला अर्धा सेकंद धरला, तर दोन मिनिटांहून अधिक वेळ झाला. एवढ्या वेळात शांत माणूस तीस-बत्तीस श्वास घेतो. म्हणजे कागद तीस-बत्तीस वेळा सरकून परत आला.

त्यात श्वास हा तालात चालतो. त्यामुळे चित्रातील चूकही तालातच उमटते. पोटाच्या पुढच्या भिंतीवरील चरबी या चित्रात फार उजळ दिसते; तिच्या फिकट प्रतिकृती समान अंतराने एकामागून एक यकृतावर, आतड्यांवर पसरतात. या प्रतिकृतींना तज्ज्ञ लोकांनी 'भुते' असेच नाव दिले आहे. आणि मौज अशी की, यकृत झुलते डोक्यापायाच्या दिशेला, भिंत हलते पुढेमागे, पण भुते निघतात ती यंत्राने छापे मोजण्यासाठी निवडलेल्या एकाच दिशेला. १९८५ साली वुड आणि हेंकेलमन यांनी या भुतांचे गणित मांडले: श्वासाचा काळ आणि दोन छाप्यांमधला काळ यांच्या प्रमाणावर त्यांचे अंतर ठरते. भुताचे गणित सुटले की त्याचे भय अर्धे होते!

उतारे पुष्कळ निघाले. पहिला अगदी गावठी: पोटावर पट्टा आवळून बांधावयाचा, किंवा रोग्याला पालथे झोपवावयाचे. दुसरा, चित्र चार वेळा घेऊन त्याची सरासरी काढावयाची. भुते फिकी होतात, पण वेळ चौपट. तिसरा, जी चरबी भुते सोडते तिचाच सूर आधी दाबून टाकावयाचा. १९८४ साली अमेरिकेत रिचर्ड एहमन प्रभृतींनी श्वासाची चौकी बसवण्याच्या पद्धतीचे गुणदोष मांडले. रोग्याच्या पोटावर भात्यासारखी नळी बांधतात. श्वास सोडून पोट निवांत झाले की चौकीदार दार उघडतो आणि तेवढ्यापुरते मोजमाप होते, एरवी नाही. चित्र छान येते, मात्र निम्म्याहून अधिक वेळ वाया जातो. लंडनच्या बेल्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली काटकसरीचा मार्ग काढला. काहीच टाकू नये. कोणत्या श्वासाच्या स्थितीत कोणता छापा घ्यावा याचा क्रमच असा लावावा की, जुळवलेल्या चित्राला सर्व हालचाल एकाच संथ श्वासासारखी भासावी. मग भुते दूर न भटकता मूळच्या जागीच किंचित धूसरपणा होऊन राहतात. धान्याची पोती ज्याने रचली असतील त्याला या युक्तीचे मोल कळेल: माल तोच, रचना निराळी.

खरी घाई झाली ती जर्मनीत. गटिंगेन येथे हाझे आणि फ्राम यांच्या मंडळींनी १९८५-८६ मध्ये 'फ्लॅश' नावाची पद्धत काढली. अणुकेंद्रांना जोराची टिचकी मारून ती सावरण्याची वाट पाहण्याऐवजी त्यांनी हलक्या टिचक्या भराभर मारल्या. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. त्याच सुमारास फ्रायबुर्गच्या हेनिग यांनी एका टिचकीत अनेक छापे उतरवण्याची युक्ती साधली. आता सबंध पोटाचे चित्र एका श्वासात बसू लागले, आणि जगभरच्या चुंबकीय बोगद्यांतून एकच आज्ञा घुमू लागली: श्वास घ्या, सोडा, रोखा!

म्हणजे अखेर विज्ञान कुंभकापाशी येऊन पोचले. आणि कोणत्या कुंभकापाशी? पूरकानंतरच्या नव्हे, रेचकानंतरच्या. श्वास भरून रोखला तर माणूस दर वेळी कमीअधिक भरतो आणि यकृत दर वेळी निराळ्या जागी थांबते. श्वास सोडून रोखला तर श्वासपटल जवळजवळ त्याच जागी परत येते. ज्याला हठयोगाच्या ग्रंथांत बाह्य कुंभक म्हणतात, तो यंत्राला अधिक मानवतो. मात्र रोग्याला तोच अधिक जड जातो.

येथे आमच्या गल्लीतील एका वृद्ध गृहस्थांची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचे सारे आयुष्य जिनात, कापसाच्या फुफाट्यात गेले. छाती भात्यासारखी वाजे. यकृतावर एक डाग दिसला म्हणून डॉक्टरांनी चुंबकीय तपासणी सांगितली. अकोट-अकोल्याची रेल्वे रुंद रुळांची होऊन २०२२ साली पुन्हा सुरू झाली होती, तेव्हा गाडीनेच गेलो. शहरातील एका केंद्रात त्यांना बोगद्यात घातले. यंत्रातला ठरावीक आवाज त्यांना न समजणाऱ्या भाषेत हुकूम सोडीत होता. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, आणि यांना सातव्या सेकंदाला ढास लागायची. कागदावर तेच वाक्य आले: प्रतिमा अस्पष्ट. डाग कसला ते कळले नाही. घरी महिनाभर कोणाच्या तोंडी घास गोड लागेना. परतताना गाडीत ते मला म्हणाले, "मास्तर, इतका दम असता त मी दवाखान्यात कायले आलो असतो?"

या प्रश्नाला पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात याहून नेमके रूप दिलेले मी पाहिलेले नाही. ज्याची छाती धड त्याचे चित्र स्वच्छ. आणि ज्याला दमा, ज्याच्या पोटात पाणी, जो बहिरा, जो वयाने तीन वर्षांचा, त्याचे चित्र भुतांनी भरलेले. म्हणजे जो अधिक आजारी, त्यालाच कमी दिसणार. त्यातून औषधी टोचून यकृताच्या रक्तप्रवाहाचे चित्र घ्यावयाचे असेल, तर टोचल्यानंतर वीस-पस्तीस सेकंदांची एकच वेळ साधावी लागते. ती चुकली की चुकली. २०१३ साली डॅव्हनपोर्ट आणि सहकाऱ्यांनी तर असेही दाखवले की, यकृतासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा एका औषधाने नेमक्या त्याच घटकेला काही रोग्यांचा श्वास अडखळतो. रोगी दम धरू पाहतो आणि औषधच त्याचा दम तोडते!

यंत्र बनवणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता असे मात्र नाही. एहमन आणि फेल्मली यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील मेयो रुग्णालयात एक वाटाड्या तयार केला. यंत्र मधूनमधून यकृत आणि फुप्फुस यांच्या सीमेवरील एक अरुंद पट्टा तपासते, आणि श्वासपटल कोठे आहे ते स्वतःच पाहून घेते. १९९२ साली ग्लोव्हर आणि पॉली यांनी समांतर रेघांऐवजी चाकाच्या आऱ्यांसारखे मोजमाप करण्याचा लाभ दाखवला. प्रत्येक आरा मध्यातून जातो, त्यामुळे एकाची चूक सर्वांत वाटली जाते आणि ठसठशीत भुतांऐवजी फिकट किरणे उरतात. नव्वदीच्या उत्तरार्धात अनेक अँटेना एकाच वेळी ऐकून छाप्यांची संख्या घटवता आली. २००७ साली लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी थोड्याच मोजमापांवरून सबंध चित्र उभे करण्याचे गणित या क्षेत्रात आणले. त्याच वर्षी विंकेलमन यांनी प्रत्येक आरा आधीच्यापासून १११.२५ अंशांनी वळवण्याची युक्ती सांगितली. त्यामुळे ओळीने कोणतेही मूठभर आरे घेतले तरी ते चाकभर सारखे पसरलेले निघतात.

हे सारे ओघ २०१४ आणि २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले. ली फेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याला सांगितले, तुम्ही आपला नेहमीसारखा श्वास घेत राहा. यंत्र काही मिनिटे आरे मोजते. त्या मोजमापांतूनच श्वासाची चाल ओळखते. मग श्वास सोडलेले आरे एका ढिगात, अर्धा घेतलेले दुसऱ्यात, असे निवडून प्रत्येक ढिगाचे चित्र उभे करते. काहीच टाकून दिले जात नाही. ज्या हालचालीला तीस वर्षे भूत म्हणून झोडपले, ती आता उपयोगाची माहिती ठरली. लहान मुलांना निव्वळ स्थिर ठेवण्यासाठी भूल द्यावी लागे, तीही अशा वेगवान पद्धतींमुळे कित्येकांच्या बाबतीत कमी करता येऊ लागली आहे.

असो. आमच्या त्या वृद्धांचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. दुसऱ्या खेपेस निराळ्या केंद्रात एक तरुण तंत्रज्ञ भेटला. त्याने त्यांना आधी बाहेर बाकावर बसवले आणि दहा मिनिटे तालीम दिली. "बाबाजी, मी दम सोडा म्हनलं का हळूहळू सोडा, धरा म्हनलं का धरा, नाही जमलं त घाबरू नका." जी चित्रे आठ सेकंदांत बसतील ती त्याने श्वास रोखून घेतली आणि उरलेली पोटावर पट्टा बांधून, त्यांच्या श्वासाच्या कलाने. वेळ दुप्पट लागला, चित्र स्वच्छ आले. यकृतावरची गाठ रक्तवाहिन्यांची, निरुपद्रवी निघाली. त्या केंद्रात नव्या न्यूयॉर्की पद्धतीचे यंत्र नव्हते. होता तो १९८४ सालचा पट्टा आणि रोग्याच्या बोलीत बोलणारा एक माणूस.

भारतात ही यंत्रे येऊ लागली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि आली ती परदेशातून. आता मुंबईच्या 'समीर' या संस्थेच्या पुढाकाराने देशी बनावटीचे दीड टेस्ला जोराचे यंत्र उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. धर्मट्टींनी मुंबईत लावलेल्या रोपाच्या अंगणातच हे घडावे, याचा आनंद वाटतो. ते यंत्र जेव्हा तालुक्याच्या गावांजवळ पोचेल, तेव्हा त्यात दोन गोष्टी असाव्यात अशी माझी नम्र सूचना आहे: मोकळ्या श्वासात चित्र घेण्याची सोय, आणि मराठीतून, शक्य तर वऱ्हाडीतूनही, बोलणारा आवाज. पहिलीला गणित आणि पैसा लागतो. दुसरीला फारसे काही लागत नाही.

तोवर वाचकांपैकी कोणावर पोटाच्या अशा तपासणीची पाळी आलीच, तर डॉक्टरांना विचारून आधी चार दिवस घरी थोडा सराव करावा. श्वास सावकाश सोडावा, दहा अंक मोजेपर्यंत थांबावे, मग घ्यावा. जमत नसेल तर ते तपासणीपूर्वीच सांगावे, लाजू नये; तुमच्या दमाला सोसेल अशी एखादी वाट या पन्नास वर्षांत कोणी ना कोणी शोधून ठेवलेली आहे.